न मिळालेला कॅमेरा : एका जाहिरातीचें रसग्रहण

१

जी वस्तु आपल्या हातीं कधींच आली नाहीं, तिची आठवण येणें शक्य आहे काय? तर्कशास्त्र या प्रश्नाचें उत्तर नकारार्थी देईल. आठवण ही अनुभवाची असते. ज्याचा अनुभवच नाहीं, त्याचें स्मरण कोठून होणार? तथापि आज चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या पिढीचें आत्मपर लेखन जो कोणी वाचील, त्याला तर्कशास्त्राचा हा निकाल पदोपदीं खोटा ठरलेला दिसेल. लहानपणीं दूरदर्शनच्या जाहिरातींत पाहिलेली, मनापासून हवीशी वाटलेली, आणि घरांत कधींहि न आलेली एकादी वस्तु, हा या लेखनाचा एक आवडता विषय होऊन बसला आहे. वस्तु मिळालेल्यांच्या आठवणी त्या मानानें थोड्या, आणि ज्या आहेत त्या फिक्या. मिळालेली वस्तु मोडली, हरवली, भंगारांत गेली. न मिळालेली मात्र चाळीस वर्षें कोरी करकरीत राहिली आहे.

या चमत्काराची दखल आपल्याकडे फार पूर्वीं घेतली गेली आहे. शाकुंतलाच्या पांचव्या अंकांत हंसपदिकेचें गाणें कानीं पडतांच दुष्यंत अस्वस्थ होतो. प्रिय माणसाचा विरह तर नाहीं, मग ही हुरहूर कशाची, असा विचार त्याच्या मनांत येतो, आणि पूर्वजन्मींचें कांहींतरी अंतःकरणांत रुजून राहिलें असावें अशी तो स्वतःची समजूत घालतो. प्रेक्षकाला मात्र ठाऊक असतें कीं, विसरलेली गोष्ट याच जन्मींची आहे. युरोपांत या हुरहुरीला ‘नॉस्टॅल्जिया’ हें नांव मिळालें तें १६८८ सालीं. योहानेस होफर या तरुण वैद्यानें बाझेल येथें सादर केलेल्या आपल्या प्रबंधांत तो शब्द बनविला, आणि मायदेशापासून दूर पडलेल्या माणसांना जडणारा एक रोग म्हणून त्याचें वर्णन केलें. त्यावर रामबाण उपाय एकच, रोग्याला घरीं परत पाठविणें. न मिळालेल्या वस्तूच्या हुरहुरीला हा उपाय लागू पडत नाहीं. परतावयाचें कोठें, हाच तेथें प्रश्न असतो.

मराठींत या प्रकारच्या लेखनाला ‘स्मरणरंजन’ असें नांव पडलें आहे, आणि त्या नांवांतच त्याची मर्यादा सांगितलेली आहे. स्मरण थोडें, रंजन फार. आम्हांला येथें असें दाखवावयाचें आहे कीं, या हुरहुरींत रंजनाहून अधिक कांहीं दडलेलें आहे. परंतु तें हातीं लागावयाचें तर वस्तूंच्या लांबलचक याद्या बाजूस सारून एकाच वस्तूकडे, आणि ती मनांत भरविणाऱ्या एकाच जाहिरातीकडे, नीट पाहिलें पाहिजे. त्यासाठीं आम्हीं १९८० नंतरच्या दशकांत दूरदर्शनवर गाजलेली, फोटोफोन कंपनीच्या ‘हॉट शॉट’ कॅमेऱ्याची जाहिरात निवडली आहे.

२

प्रथम रंगभूमि पाहूं. भारतांत दूरदर्शनचें प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस सुरू झालें. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं उघडलें. जाहिरातींना प्रवेश मिळाला तो १९७६ च्या आरंभीं, आणि पडद्यावर रंग आले ते १९८२ सालीं. पुढें १९९२ सालीं खासगी हिंदी वाहिनी सुरू झाली आणि घरोघरीं वाहिन्यांची गर्दी होऊं लागली. मधल्या दहा वर्षांत बहुतेक घरांना एकच वाहिनी ठाऊक होती, आणि तिच्यावर जें दिसे तें सर्वांना एकाच वेळीं दिसे.

या परिस्थितीचा एक परिणाम असा झाला कीं, त्या काळीं इच्छासुद्धां सार्वजनिक होती. दादरच्या चाळींतलें मूल आणि लातूरच्या वाड्यांतलें मूल एकाच संध्याकाळीं एकाच वस्तूसाठीं झुरत असे. ज्याच्या घरीं संच नसे तें शेजारच्यांच्या उंबऱ्याशीं बसून झुरत असे. वस्तु एकाच्या घरीं आली तर साऱ्या आळीला कळे. न आली तर तिचें वैषम्य कोणाला एकट्यानें सोसावें लागत नसे. आजच्या आठवणींना जो एक सामुदायिक स्वर आहे, ‘तुम्हांलाहि आठवतें ना?’ असें विचारण्याची जी लकब आहे, तिचें मूळ आमच्या मतें येथें आहे.

त्या काळच्या ज्या जाहिराती लोकांच्या स्मरणांत टिकल्या, त्यांचा स्थायीभाव पाहूं गेल्यास मोठी गंमत दिसते. सर्फच्या जाहिरातींतील ललिताजी भाजीवाल्याशीं घासाघीस करते, आणि स्वस्त वस्तु व चांगली वस्तु यांतील भेद ठसक्यांत समजावून सांगते. तिचा स्थायीभाव विवेक. गृहिणीच्या व्यवहारबुद्धीला तिनें मान दिला, म्हणून ती आयांना आवडली. ओनिडा दूरदर्शनसंचाच्या जाहिरातींत शिंगें आणि शेपूट असलेला एक सैतान येई, आणि शेजाऱ्याच्या मत्सरांतच मालकाचा अभिमान असतो असें बजावी. तिचा स्थायीभाव असूया. दुसऱ्या जाहिराती जी गोष्ट झांकून ठेवितात, ती या जाहिरातीनें उघड बोलून दाखविली, हा तिचा गुणच म्हटला पाहिजे. परंतु ती होती वडिलांसाठीं, कारण संच घ्यावयाचा कीं नाहीं हें ठरविणारे ते.

‘हॉट शॉट’चा रोख या दोहोंहून निराळा. तिच्यांत उपदेश नाहीं, मत्सर नाहीं. नेम धरा आणि दाबा, इतकेंच तिचें सांगणें. आणि त्याला जोडून एक आवाज : ‘खटॅक्’. जाहिरातीचें सारें काव्य या एका ध्वनींत सांठलेलें आहे. आमच्या भाषेंत अशा ध्वन्यनुकारी शब्दांची श्रीमंती मोठी. खाडकन्, धाडकन्, टचकन्, पटकन् यांनीं क्रियेची गति कळते, जोर कळतो, आणि कधीं कधीं करणाऱ्याचा स्वभावहि कळतो. ‘खटॅक्’ हा या कुळांतला असला तरी कोणत्याहि एका भाषेच्या मालकीचा नव्हे, म्हणून तो सर्वांचा झाला. मुलाला इंग्रजी वाक्य समजो वा न समजो, आवाज समजत होता, आणि तो त्याला तोंडानें काढतांहि येत होता. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट डोळ्यांपुढें धरून ‘खटॅक्’ म्हटलें कीं कॅमेरा तयार. बाकीच्या जाहिराती मुलें म्हणत. ही जाहिरात तीं करीत.

३

मुलांना या वस्तूचें एवढें वेड कां लागावें, हें समजण्यासाठीं मध्यमवर्गीय घरांतील कॅमेऱ्याचें स्थान ध्यानांत घेतलें पाहिजे. फोटोग्राफीची कला आपल्याकडे लवकर आली. दॅगेरचा शोध पॅरिसमध्यें १८३९ सालीं जाहीर झाला, आणि मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली. परंतु ही कला दीर्घ काळ प्रतिष्ठितांची आणि धंदेवाल्यांची राहिली. हिंदुस्थानांत प्रथम चलच्चित्रें काढणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मूळचे मुंबईचे स्टुडिओवाले फोटोग्राफरच होत. सामान्य कुटुंब अशा स्टुडिओंत जाई, रंगविलेल्या पडद्यापुढें उभें राही, आणि लग्न-मुंजीपुरताच त्याचा या कलेशीं संबंध येई.

स्वातंत्र्योत्तर काळांत बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनें तयार केलेला ‘आग्फा क्लिक थ्री’ हा कॅमेरा पुष्कळ घरांत पोंचला. त्यांत १२० क्रमांकाचा रोल बसे, आणि एका रोलवर बारा चौकोनी चित्रें निघत. बारा! सहल, वाढदिवस, नवें बाळ आणि गांवाहून आलेली आजी, एवढ्या सर्वांची वांटणी या बारांत करावयाची. रोल संपतां संपत नसे, आणि अखेर तो धुवायला देण्याची वेळ येई तोंवर पहिल्या चित्रांतलें बाळ चालूं लागलेलें असे.

हा कॅमेरा कपाटांत असे, कातडी पिशवींत असे, आणि कपाटाची किल्ली वडिलांकडे किंवा घरांतल्या हौशी काकांकडे असे. वास्तविक हें यंत्र मुळींच अवघड नव्हतें. ऊन पाठीशीं घ्यावें, ऊन आहे कीं ढग आहेत एवढें पाहावें, श्वास रोखून कळ दाबावी, कीं झालें. आठ वर्षांच्या मुलाला हें सहज साधावें. मुलाला मनाई होती ती यंत्र अवघड म्हणून नव्हे, रोल महाग म्हणून. आणि त्याहीपेक्षां, घरांत पाहावें कोणी आणि दिसावें कोणी याची वांटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली होती म्हणून. ‘सरळ उभा राहा’, ‘हात खालीं’, ‘हलूं नकोस’, ‘इकडे बघ’ या चार आज्ञांत मुलाचा फोटोग्राफीशीं असलेला संबंध संपे. त्या काळच्या अल्बमांत मुलें डोळे बारीक करून उभीं असलेलीं दिसतात. याचें कारण लाजाळूपणा नव्हे. ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीशीं असे, म्हणजेच तें मुलांच्या डोळ्यांवर असे.

‘हॉट शॉट’च्या जाहिरातीनें धक्का दिला तो या वांटणीला. नेम धरणें आणि कळ दाबणें याखेरीज कांहींहि लागत नाहीं असें एकदां साऱ्या देशासमक्ष जाहीर झालें, म्हणजे वडिलांच्या मक्तेदारीचें तांत्रिक कारण संपलें. जें करावयास कौशल्य लागत नाहीं, तें करण्यास वयाची अट कशाला? मुलाच्या मनांत हा युक्तिवाद शब्दरूपानें उभा राहिला नसेल. परंतु बोटांची चौकट करून तें जेव्हां आईला, आजीला, आणि वर्तमानपत्रांत डोकें खुपसून बसलेल्या वडिलांना ‘खटॅक्’ करी, तेव्हां तें नेमका हाच युक्तिवाद करीत होतें. त्याला खेळणें नको होतें. खेळणीं त्याच्यापाशीं होतीं. त्याला पाहण्याचा अधिकार हवा होता. तें म्हणालें, ‘कॅमेरा हवा.’ उत्तर मिळालें, ‘मोठा झालास कीं घेऊं.’ या उत्तरांत मागणीचें खरें स्वरूप, विचारणाऱ्याच्या आणि सांगणाऱ्याच्या नकळत, उघडें पडलें आहे. कॅमेरा मिळावयाचा तो पैसे साठल्यावर नव्हे, मोठें झाल्यावर.

४

जाहिरातीनें दिलेलें वचन नवें नव्हतें. जॉर्ज ईस्टमन यानें १८८८ सालीं अमेरिकेंत पहिला ‘कोडॅक’ कॅमेरा पंचवीस डॉलरांस विकावयास काढला, तेव्हांच त्यानें तें दिलें होतें. त्या यंत्रांत शंभर चित्रांची फिल्म आगाऊ भरलेली असे. चित्रें संपलीं कीं सबंध कॅमेरा रोचेस्टरच्या कारखान्याकडे पाठवावयाचा. चित्रें छापून आणि नवी फिल्म भरून तो परत येई. ग्राहकानें कळ तेवढी दाबावी, बाकीचें कंपनी पाहून घेईल, असें त्या वचनाचें स्वरूप होतें. पुढें १९०० सालीं त्याच कंपनीनें ‘ब्राउनी’ हा एक डॉलरचा कॅमेरा काढला, आणि तो मुलांसाठींच म्हणून पुढें केला. पामर कॉक्स या चित्रकाराच्या गोष्टींतले गमत्ये बुटके मुलांच्या ओळखीचे होते. त्यांचेंच नांव त्यानें कॅमेऱ्याला दिलें. म्हणजे अमेरिकेंतील मुलाच्या हातीं जो अधिकार विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आला, तो आपल्याकडील मुलाला नुसता पडद्यावर दिसावयास आणखी ऐंशीहून अधिक वर्षें लागलीं. मधल्या काळांत येथें फिल्मसुद्धां दुर्मिळ होती. उदकमंडलम् येथें हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० सालीं स्थापन झाला, यावरूनच त्या टंचाईची कल्पना येईल.

आतां टीकाकाराच्या नात्यानें जाहिरातीचा दोषहि सांगितला पाहिजे. ‘खटॅक्’ या एका आवाजांत तिनें जेवढें सांगितलें, त्याहून अधिक लपविलें. कळ दाबतांच चित्र तयार होत नसतें. प्रकाश फिल्मवरील चांदीच्या क्षारावर पडतो, आणि तेथें जी प्रतिमा उमटते ती डोळ्यांना दिसत नाहीं. रसायनांत धुतल्यावरच ती प्रकट होते. त्या धुण्याला पैसे पडतात, कागदावर छापण्याला पैसे पडतात, आणि पुढचा रोल घेण्यालाहि पडतात. कॅमेरा एकदांच विकत घ्यावा लागतो; फोटो मात्र दर वेळीं. वडिलांना हें गणित ठाऊक होतें, मुलाला नव्हतें, आणि जाहिरातीनें तें दोघांपैकीं कोणालाच सांगितलें नाहीं. ज्या मध्यमवर्गीय बापानें ‘पुढें पाहूं’ म्हटलें, त्याला आजच्या आठवणींत थोडा रुक्ष, थोडा चिक्कू असा रंग दिला जातो. हा अन्याय आहे. शाळेची फी आणि घरभाडें देऊन हातीं जें उरे, त्यांत रोलचा मासिक खर्च बसत नव्हता, एवढीच त्याची रुक्षता.

५

या जाहिरातीवर आणि तिच्यासारख्या इतरांवर आज जें लिहिलें जातें, त्यांत आम्हांस तीन दोष प्रामुख्यानें दिसतात.

पहिला दोष यादीचा. लेखक एकामागून एक नांवें उच्चारतो : अमुक सरबत, तमुक सायकल, अमुक चॉकलेट. प्रत्येक नांवाबरोबर वाचकाच्या मनांत एक घंटा वाजते, आणि घंटानादालाच रसनिष्पत्ति समजून लेखक पुढें जातो. नामस्मरणानें पुण्य लागतें अशी आपली श्रद्धा आहे खरी. वाङ्मयांत तें लागत नाहीं. वस्तु कां हवी होती, हा प्रश्न विचारल्यावांचून तिची आठवण सांगणें म्हणजे प्रेमाची गोष्ट सांगतांना प्रियेच्या नुसत्या पत्त्याचा उच्चार करणें होय.

दुसरा दोष टंचाईला साखर लावण्याचा. ‘आमच्या वेळीं कांहीं नव्हतें, पण आम्ही सुखी होतों,’ हें या लेखनाचें ठरलेलें पालुपद. तें सर्वस्वीं खोटें नाहीं. परंतु लेखक मोठेपणीं पुष्कळ कांहीं मिळाल्यावर तें म्हणतो, हें विसरतां कामा नये. ज्याला पुढेंहि कांहीं मिळालें नाहीं, तो असे लेख लिहीत नाहीं. शेजारच्या उंबऱ्याशीं बसून जाहिरात पाहणाऱ्या मुलाची बाजू अद्याप कोणी मांडलेली नाहीं. त्याला कॅमेरा दूरच, संचहि पुढची अनेक वर्षें मिळाला नसेल.

तिसरा दोष सर्वांत सूक्ष्म, आणि तोच आमच्या विषयाशीं निकट आहे. हे लेखक न मिळालेल्या वस्तूसाठीं हळहळतात. परंतु त्या वस्तूनें जें झालें असतें त्यासाठीं हळहळत नाहींत. स्वेतलाना बोयम या विदुषीनें २००१ सालच्या आपल्या ग्रंथांत या हुरहुरीचे दोन भेद सांगितले आहेत. एक हुरहूर हरवलेलें घर पुन्हा बांधूं पाहते. दुसरी हरवण्याच्या अनुभवाशींच थांबून त्याचा विचार करते. पहिल्या जातीची हुरहूर भागविणें सोपें आहे. जुना कॅमेरा कोठून तरी मिळवावा, पुसून काचेच्या कपाटांत मांडावा, आलेल्यागेलेल्याला दाखवावा. एवढें करूनहि मन भरत नाहीं, असें ज्याच्या ध्यानांत येईल, तोच दुसऱ्या जातीच्या हुरहुरीला पात्र.

कारण खरें हरवलें आहे तें यंत्र नव्हे. हरवलीं आहेत तीं न निघालेलीं चित्रें. कोणत्याहि मध्यमवर्गीय घरांतला त्या काळचा अल्बम उघडून पाहावा. त्यांत आजी आहे, आई आहे, मुलें ओळीनें आहेत. वडील बहुधा नाहींत. ज्याच्या हातांत यंत्र असे तो चित्रांत नसे. तो असलाच तर त्याची लांबट सावली पुढच्या जमिनीवर पडलेली दिसते, कारण ऊन त्याच्या पाठीशीं होतें. स्टुडिओंतल्या फोटोंत वडील आहेत, परंतु ते कोट घातलेले, हनुवटी उचललेले, परक्या माणसापुढें बसलेले वडील होत. बनियन घालून सायकलच्या चाकांत हवा भरणारे, दुपारीं आरामखुर्चींत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन निजलेले, आईच्या एकाद्या बोलण्यावर खळाळून हसणारे वडील कोणत्याच अल्बमांत नाहींत. आईचेंहि तसेंच. ती चित्रांत आहे, पण नव्या लुगड्यांत आणि गंभीर चेहऱ्यानें. ओट्याशीं उभी राहून गुणगुणणारी आई कोणीं टिपली नाहीं. तो क्षण रोलवरच्या बारांपैकीं एका चित्राच्या योग्यतेचा आहे असें घरांतल्या कोणाहि मोठ्या माणसाला वाटलें नाहीं.

मुलाला मात्र वाटलें असतें. बोटांची चौकट करून त्यानें ‘खटॅक्’ केलें तें याच आईला आणि याच वडिलांना. त्याचे डोळे जमिनीपासून अडीच-तीन हातांवर होते. तेथून घर जसें दिसतें तसें पुढें मोठेपणीं कधींच दिसत नाहीं. त्या उंचीवरून पाहिलेल्या घराचें एकहि चित्र या पिढीपाशीं नाहीं. रोलां बार्त याने १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथांत दिवंगत आईचा एक फोटो सांपडल्याची हकीकत सांगितली आहे. त्या फोटोवर त्यानें पानेंच्या पानें लिहिलीं, आणि तो फोटो मात्र ग्रंथांत छापला नाहीं. इतरांना त्यांत एक सामान्य मुलगी दिसेल, असें त्याचें म्हणणें. त्याच्यापाशीं निदान एक फोटो होता. आमच्या पिढीला पानें लिहावयाचीं आहेत तीं फोटोच्या अभावावर. न मिळालेल्या कॅमेऱ्याची आठवण चाळीस वर्षें कां छळते, याचा उलगडा आमच्या मतें येथें होतो. दुष्यंताला वाटलें तशी ही हुरहूर पूर्वजन्मींची नाहीं. ती याच जन्मींच्या, डोळ्यांनीं पाहिलेल्या पण कागदावर न उतरलेल्या माणसांची आहे.

६

यावर कोणी म्हणेल कीं, आतां तो प्रश्नच मिटला. कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या एंजिनियरानें १९७५ सालींच फिल्मवांचून चित्र घेणारा कॅमेरा बनविला होता. त्या शोधाची दिशा कंपनीला वेळीं ओळखतां आली नाहीं, आणि जानेवारी २०१२ मध्यें तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. आज आठ वर्षांच्या मुलाच्या हातीं आईबापांचा मोबाइल असतो, त्यांत कॅमेरा असतो, रोल नसतो, आणि बारांची मोजदाद नसते. जाहिरातीनें दिलेलें वचन अखेर पुरें झालें, हें कबूल केलेंच पाहिजे. घरांतला नातू झोंपलेल्या आजोबांचा फोटो काढतो आणि त्याला कोणी रागें भरत नाहीं, ही आमच्या दृष्टीनें लहान गोष्ट नव्हे.

मात्र दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, हातीं कॅमेरा आल्याबरोबर पुष्कळांनीं तो स्वतःकडे वळविला. पाहण्याचा जो अधिकार मागितला होता, त्याचा उपयोग पुन्हा दिसण्याकडेच होऊं लागला. दुसरी गोष्ट त्या आवाजाची. मोबाइलमध्यें झडप उघडमीट करणारा यांत्रिक भाग बहुधा नसतोच. तरीहि चित्र घेतांना एक ‘खटॅक्’ ऐकूं येतो. तो ध्वनिमुद्रित असतो. यंत्र गेलें, आवाज राहिला. जपानमध्यें तर चोरून फोटो काढले जाऊं नयेत म्हणून हा आवाज बंद करतां येणार नाहीं अशीच योजना तेथील मोबाइलांत केलेली असते. आमच्या मतें या योजनेंत जुन्या जाहिरातीचें एक न उमगलेलें मर्म आहे. ‘खटॅक्’ हा केवळ सोपेपणाचा आवाज नव्हता. ज्याला पाहिलें त्याला, ‘मी तुला पाहिलें,’ असें उघडपणें सांगणारा तो आवाज होता. बोटांच्या चौकटीमागचें मूल तो मोठ्यानें काढी, आणि आई मागें वळून पाही. पाहण्याचा अधिकार आणि पाहिल्याची कबुली या दोन गोष्टी तेथें एकत्र होत्या.

सारांश, जाहिरात म्हणून ‘हॉट शॉट’ला आम्ही तिच्या काळच्या उत्तम जाहिरातींत स्थान देऊं. तिनें खर्च लपविला, हा तिचा दोष. मुलाला केवळ गिऱ्हाईक न मानतां पाहणारा मानलें, हा तिचा मोठा गुण. तिच्यावरील स्मरणलेखनाविषयीं मात्र आम्हांला एवढें अनुकूल मत देतां येत नाहीं. तें अद्याप वस्तूच्या पलीकडे गेलेलें नाहीं. तें जावें यासाठीं एक साधा उपाय आमच्या वाचकांना सुचवितों. घरांतले जुने अल्बम काढावेत, आणि प्रत्येक चित्रापाशीं थांबून, यांत कोण आहे हें विचारण्यापूर्वीं, हा फोटो काढला कोणीं, हें विचारावें. तो काढला त्या दिवशीं कॅमेऱ्याच्या अलीकडे काय चाललें होतें, काढणारा काय म्हणाला, कोण रुसलें होतें, कोण स्वयंपाकघरांतून बाहेर आलेंच नाहीं, हें सारें लिहून ठेवावें. न निघालेलें चित्र आतां शब्दांनींच काढावें लागणार आहे, आणि या प्रश्नांचीं उत्तरें ज्यांना ठाऊक आहेत त्यांचीं वयें आतां सत्तरी-ऐंशीच्या घरांत आहेत.